कमी करून आणलेला महिना

सिडकोकडं एका कॉलनीत एक दुमजली घर आहे. त्या घराच्या सगळ्या खिडक्यांना माझ्या दुकानातले पडदे आहेत, सगळ्या उशांना माझ्या दुकानातले अभ्रे आहेत, आणि वरच्या मजल्यावर उजवीकडच्या खोलीत माझा सख्खा धाकटा भाऊ राहतो. तरी त्या घरात जायचं तर मला आधी फोन करावा लागतो. भाऊ ये म्हणाला तर जायचं, आज नको म्हणाला तर आपल्या घरी बसायचं. हे असं कसं झालं ते मी बऱ्याच जणांना सांगून बघितलं. ऐकणारा प्रत्येक जण शेवटी त्या घराचीच बाजू घेतो. म्हणून आता लिहून काढते.

आधी माझं सांगते. आमचं गाव पाचोडच्या पलीकडं. पाचोडच्या आठवडी बाजारात जमिनीवर चादर अंथरून मी कटपीस विकायला बसले, तेव्हा माझ्या शेजारी मिरच्यांचे ढीग असायचे आणि गिऱ्हाईक शिंकत शिंकत भाव करायचं. तिथून शहागंजात हातगाडी, हातगाडीवरून गुलमंडीत बोळातलं दुकान, आणि आता रस्त्यावरचं. कुणाच्या बापानं दिलं नाही. नवऱ्यानं तर नाहीच. तो माझ्या तोंडाला कंटाळून लातूरला गेला आणि तिथंच रमला. माझं तोंड वाईट आहे हे मला माहीत आहे, पण त्याच तोंडावर दुकान उभं आहे. सुरतेचा व्यापारी मला फोनवर भाव सांगण्याआधी तांब्याभर पाणी पितो, असं त्याचाच दिवाणजी म्हणायचा.

भाऊ माझ्याहून बराच लहान. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याआधी गावात ज्यानं जे सांगितलं ते करून झालं होतं. गोळ्या सुरू झाल्यावर आवाज कमी झाले, पण पुरते कधी गेले नाहीत. तो म्हणतो, शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसे ते असतात, आणि शेजाऱ्याला सांगायला जाता येत नाही. आई होती तोवर आईनं त्याचं केलं. तिच्यामागं मी. त्यानं कोणता शर्ट घालायचा, कधी जेवायचं, डॉक्टरला काय सांगायचं, टीव्हीवर काय बघायचं, सगळं मी ठरवायचे. ह्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. कुणीतरी ठरवायला हवं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

एकदा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनीच त्या घराचा विषय काढला. अशाच लांबलेल्या आजाराची पाच-सहा माणसं तिथं एकत्र राहतात. दवाखाना नाही, आश्रमही नाही, भाड्याचं साधं घर. स्वयंपाक, बाजार, झाडलोट राहणाऱ्यांनीच मिळून करायची, गोळ्या आपापल्या आठवणीनं घ्यायच्या. मदतीला संस्थेची एक मुलगी दिवसा असते, रात्री एक माणूस झोपायला येतो. मी म्हणणार होते की आम्हाला आमचं घर आहे, तर माझ्याआधी भाऊ म्हणाला, "मला बघायचंय."

डॉक्टरांसमोर तो माझ्याआधी कधी बोलला नव्हता. मी तशी जागाच ठेवत नसे.

घरी येताना मी विचारलं, माझ्या घरात काय कमी आहे तुला? तो म्हणाला, "कमी काय नाय, आक्का. लईच आहे."

हे वाक्य मला लागलं. अजून लागतं. पण त्याला जायचं होतं, आणि त्याला काहीतरी हवं आहे हे ऐकून मला किती वर्षं झाली होती ते मला आठवत नव्हतं. मग मी ठरवलं की जायचं तर पक्कं करूनच द्यायचं. अर्धवट सौदा मी करत नाही.

आम्ही घर बघायला गेलो. मी सवयीनं आधी खोट काढली. जिन्याचा कठडा हलत होता. खिडक्यांना पडद्यांच्या जागी जुन्या साड्या लावल्या होत्या, त्यातली एक तर काठाकडून फाटलेली. संस्थेची मुलगी होती तिशीच्या आतली, सगळे तिला ताई म्हणत, अगदी साठीचे काकासुद्धा. हे काका पूर्वी बँकेत कॅशियर होते. त्या घरात सगळ्यांत जुने तेच. ओट्याजवळ स्टुलावर बसून ते लसूण सोलत होते आणि आमच्याकडं लक्ष नसल्यासारखं दाखवत होते. बँकेच्या काउंटरमागं बसलेली माणसं असंच दाखवतात, म्हणून मी लगेच ओळखलं.

मुलीनं सगळी रीत समजावून सांगितली. नवा माणूस आधी तीन महिने राहून बघतो. घर त्याला पटतं का, आणि तो घराला पटतो का, दोन्ही बघायचं. तीन महिन्यांनी घरात राहणारी माणसं शुक्रवारच्या बैठकीत ठरवतात. संस्था नाही, डॉक्टर नाही, घरातली माणसं. त्यांनी हो म्हटलं तर जागा पक्की, खोली त्याच्या नावावर. नाही म्हटलं तर आपल्या घरी परत.

मी त्यातलं "तीन महिने" एवढंच ऐकलं, आणि तोंडातून आपोआप गेलं, "दीड."

ती म्हणाली, "मावशी, हे भाडं नाहीये."

मी म्हटलं, ते मला कळतं, पण तीन लई होतात. कापड कसं आहे ते मला चिमटीत धरलं की कळतं. एक माणूस कळायला तुम्हाला तीन महिने लागत असतील तर चिमटीतच काहीतरी बिघाड आहे. ती हसली. बाजारात जो आधी हसला तो गेला. मी लगेच फाटक्या साडीकडं बोट दाखवलं आणि सांगितलं की सगळ्या घराचे पडदे, चादरी, अभ्रे मी खरेदीच्या भावात देते, शिवून देते, वर लावायला माणूस पाठवते. ती म्हणाली तसं करता येत नाही, हा वेळ असतो तो तुमच्या भावासाठीच असतो. मी म्हटलं, ठीक आहे, चप्पल घातली आणि गेटाकडं निघाले. भाऊ तिथंच उभा राहिला. त्याला माझी ही चाल ठाऊक होती. लहानपणी माझ्याबरोबर बाजाराला येऊन तो दर वेळी ओशाळायचा.

गेटाशी पोचेपर्यंत मागून हाक येते, हा माझा पाचोडपासूनचा अनुभव. हाक आली, पण मुलीची नाही, काकांची. लसणाची पाकळी हातातच धरून ते म्हणाले, "ताई, दोन करून टाका. नाहीतर ह्या उद्या परत येतील."

दोनवर सौदा पटला.

मी खुशीत होते. रिक्षात बसल्यावर भावाच्या मांडीवर थाप मारली आणि म्हटलं, "बघितलंस? एक महिना कमी करून आणला."

तो बाहेर बघत होता. क्रांती चौकाचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, "कुणाचा महिना?"

ह्यावर मी काहीतरी बोलले असेन. न बोलता राहिले असेन असं होत नाही.

आता ह्या महिन्यावरूनच पुढं सगळ्यांनी मला बोल लावला, म्हणून माझं म्हणणं एकदा नीट सांगते. मागणं हा गिऱ्हाइकाचा धर्म आहे. सोडायचं की नाही ते दुकानदारानं ठरवायचं. माझ्या ओळीत एक जण आहे, तो अर्धा पैसाही कमी करत नाही, शिवाय चहाही पाजत नाही. त्याच्या दुकानात मी खरेदीला गेले तर मुकाट पैसे काढते. तीन महिने जर त्या पोरीच्या मते इतके मोलाचे होते, तर तिनं त्यातला एक पडद्यांवर का सोडला? ज्यानं सोडलं त्यानं नंतर डोळे पुसू नयेत.

असो. भाऊ राहायला गेला.

त्या घरात कामं वाटून देत नाहीत. नव्या माणसानं आपलं काम आपण उचलायचं, त्याला वाटेल तेव्हा. तोवर कुणी विचारायचं नाही. भाऊ पहिले काही आठवडे खाटेवर पडून छताकडं बघत होता. जेवायला हाक मारायचे, आला तर आला, नाही तर ताट झाकून ठेवायचे. मला हे मुलीकडून फोनवर कळायचं आणि माझ्या डोक्यात जाळ व्हायचा. महिना संपत आला आणि माणूस छत बघतोय. मी पडद्यांची मापं घ्यायला गेले. मग एक पडदा तोकडा आला म्हणून गेले. मग पडद्याच्या कड्या बदलायला गेले. प्रत्येक वेळी भावाच्या खोलीत जाऊन त्याच्या कानाशी लागले, की अरे, निदान भांडी घासायला तरी लाग, ह्यांनी बघितलं पाहिजे. तो कूस बदलायचा.

चौथ्या वेळी मुलीनं मला बाहेर ओट्यावर बसवून सांगितलं, की इथं राहणाऱ्यानं बोलावलं तर घरचे येतात, अशी रीत आहे. मी म्हटलं, मी भावासाठी आलेच नाही, मी पडद्यासाठी आले. आतून काकांचा आवाज आला, "मग पडद्यानं बोलावलंय का, विचारा."

त्याच आठवड्यात फोनवर कळलं की भावानं काम उचललं. भाजी आणायचं. कॉलनीच्या मागं गुरुवारी संध्याकाळी बाजार भरतो, तिथून घरासाठी आठवड्याची भाजी तो आणणार. पहिल्या गुरुवारी एकटा गेला आणि एकटा परत आला. मुलीनं हे सांगितलं तेव्हा मी गल्ला तसाच उघडा टाकून शेजारच्या दुकानात पेढे वाटायला गेले. आणि परत येईपर्यंत मला काळजी लागली. ह्यानं जन्मात भाव केलेला नाही. स्वतःला लुटून घेऊन येईल. घरातली माणसं म्हणतील, हा कसला बाजारहाट. बैठकीत नाही म्हणतील.

म्हणून दुसऱ्या गुरुवारी मी दुकान लवकर बंद केलं आणि त्या बाजारात फ्लॉवरच्या ढिगामागं जाऊन उभी राहिले. माझा देह फ्लॉवरमागं लपणारा नाही, पण भाऊ चालताना खाली बघतो.

तो एका भाजीवालीपुढं थांबला. मेथी, वांगी, टोमॅटो म्हणाला. तिनं भाव सांगितला. त्यानं पैसे काढून दिले. मी ओठ चावून उभी. एका शब्दानं विचारलं नाही. तिनं भाजी पिशवीत भरली, त्यानं पिशवी उचलली आणि वळला. कोथिंबीर मागितली नाही. इतकी भाजी घेतल्यावर वरून चार काड्या कोथिंबीर टाकत नाही असा भाजीवाला मी ह्या जिल्ह्यात बघितला नाही, आणि न मागता जाणारं गिऱ्हाईकही नाही. तिथं माझा तोल गेला.

मी पुढं झाले आणि त्या बाईला जे बोलायचं ते बोलले. गरीब बघून लुटता का, साधा माणूस दिसला की काटा मारता का, वगैरे. माझ्या तोंडचं सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. ती बाईही शहागंजाच्या पाण्यावर वाढलेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेरेकू कायकू डांट रे बाजी? भाईने पूछा, मैं बोली, उनो दे दिये. झगडा तुमेच लाए."

आजूबाजूला माणसं जमली. भाऊ मधे उभा होता. त्यानं पिशवी हळूच कांद्याच्या पोत्याशेजारी ठेवली, झोपलेलं पोर ठेवावं तशी, आणि चालायला लागला. मी हाका मारल्या. तो थांबला नाही.

भाजीवालीनं पिशवी उचलून माझ्या हातात दिली. तिच्यात कोथिंबिरीची अख्खी जुडी टाकली होती. मी जिंकले होते, पण दाखवायला समोर कुणी नव्हतं.

पिशवी घेऊन मी घराशी गेले. काकांनी गेटावरच ती माझ्याकडून घेतली, आत डोकावून म्हणाले, कोथिंबीर छान आहे, आणि गेट लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी भाऊ भाजीला गेला नाही. खाटेवरून उठला नाही. जेवण कमी झालं, रात्री येरझाऱ्या सुरू झाल्या. मुलीनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बदलायची गरज नाही, थोडा वेळ द्या. वेळच तर नव्हता. दोन महिने पुढच्या शुक्रवारी भरत होते. त्या दिवशी घरातल्या माणसांना अशा माणसाबद्दल मत विचारणार होते, ज्यानं दोनदा भाजी आणली, त्यातली एकदा बाजारात सोडली, आणि मग अंथरूण धरलं. मी त्यांच्या जागी असते तर माल नको म्हणाले असते.

मी भावाला फोन केला. म्हटलं, तू फक्त गुरुवारी जा, भाव मी शिकवते, एकदा जमलं की मजा येते बघ.

तो म्हणाला, "आक्का, माझ्या डोक्यात दिवसभर भावच चालू असतो. हे दे, ते सोड, एवढ्यात ऐक, नाहीतर बघ. बाहेर तरी मला जो भाव सांगितला तो देऊ दे की."

फोन ठेवल्यावर मी गल्ल्यावर बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, चार साड्या बघितल्या, नेहमीसारखं अर्ध्यावर मागितलं, आणि मी हो म्हणाले. ते गिऱ्हाईक इतकं घाबरलं की साडी उलटीसुलटी करून भोक शोधायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडं गेले. सरळ सांगितलं, माझा महिना मला परत दे. तीन होते ते तीन कर. पडदे ठेवून घे, वर सोफ्याची कव्हरं देते. ती म्हणाली की देणारी ती नव्हेच. भावाला मुदत वाढवून हवी असेल तर त्यानं बैठकीत मागायची, घरातल्यांनी द्यायची.

"मी मागते त्याच्या वतीनं," मी म्हटलं.

"त्याच्या वतीनं नको, मावशी. त्यानं."

जाताना काका भेटले. मी त्यांनाही घोळात घ्यायला बघितलं. पहिला सौदा तुमच्याच तोंडून झाला, म्हटलं, तुम्हीच तो मोडा. ते म्हणाले, "तुमच्या दुकानात गेलो होतो मी एकदा. गल्ल्यामागं मोठ्या अक्षरात पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मग माझं तोंड बघून जरा नरमले आणि म्हणाले, शुक्रवारी या, दाराशी बसा, पण बोलायचं नाही. बोललात तर बैठक तिथंच संपली.

शुक्रवारी नेमकं नळाला पाणी आलं. आमच्या शहरात चार-सहा दिवसांनी एकदा पाणी येतं, ते आलं की लग्नातली माणसंसुद्धा उठून घरी जातात, तिथं बैठकीचं काय. मी पोचले तेव्हा ते घर ड्रम आणि बादल्यांनी भरलं होतं. काका मोटरीपाशी, एक जण गच्चीवर, आणि भाऊ अंगणात पाइप धरून उभा. त्याला कुणी काम नेमून दिलं नव्हतं. पाइप धरायला माणूस कमी होता, हाक मारली, तो खाली आला. त्यानं मला बघितलं आणि पाइपाकडं बघायला लागला. एक ड्रम भरून वरून वाहत होता. मी काही बोलले नाही. हे माझं मोठं काम समजा.

टाकी भरल्यावर सगळे ओल्या पायांनी हॉलमध्ये जमिनीवर बसले. मी दाराशी, पदर तोंडात धरून. मुलीनं एवढंच सांगितलं की आज ह्याचे दोन महिने भरले, आणि भावाला विचारलं, तुला काही सांगायचंय का.

तो गप्प राहिला. सगळे गप्प राहिले. धंद्यात गप्प बसणं मलाही येतं, समोरच्यानं आधी बोलावं म्हणून मी गल्ल्यावर दगडासारखी बसू शकते. पण ही माणसं वेगळीच. त्यांच्या गप्प बसण्यात काही मागणं नव्हतं. एक जण पायाच्या बोटांमधली माती काढत होता. पंखा फिरत होता. मला घाम फुटला, पदर ओला झाला. अजून थोडा वेळ गेला असता तर मी ओरडले असते आणि सगळं घालवलं असतं.

"दोन पुरले नाय," भाऊ म्हणाला. "मला अजून चार पाहिजेत."

मुलगी म्हणाली, आपल्याकडं तर सगळ्यांना एकूण तीनच असतात.

"चार," तो म्हणाला. "हे दोन धरायचे नाय."

काकांनी विचारलं, इतके कशाला.

"तीन माझे. एक हिला बोलावल्याशिवाय न यायची सवय लागायला."

हसण्याचा जो आवाज झाला तो गच्चीपर्यंत गेला असेल. मातीवाला तर आडवाच पडला. भावाला स्वतःला हसू येत होतं, त्यानं तोंड गुडघ्यात घातलं. मला राग आला होता, खरंच आला होता, पण पदर तोंडात असल्यामुळं बाहेर कुठूनच निघाला नाही. चार महिने दिले. हात वर करून, सगळ्यांनी. काकांनी दोन्ही हात वर केले, मुलीनं एक खाली करायला लावला.

बाहेर आल्यावर मी भावाला गाठलं. म्हटलं, एवढं मी गप्प बसले, निदान रविवारचा दिवस तरी मला दे. दर रविवारी येईन, तासाभरात जाईन.

तो शांतपणे म्हणाला, "फिरून येतो, आक्का."

आणि आत गेला. गुलमंडीत दुकान असणाऱ्या बाईला हे वाक्य सांगायचं म्हणजे कमाल आहे. दुकानातून उठताना जे गिऱ्हाईक फिरून येतो म्हणतं, ते फिरतही नाही आणि येतही नाही.

ते चार महिने मी कसे काढले ते माझ्या नोकरांना विचारा. दोघांनी गावी लग्नं काढून रजा टाकल्या. मी त्या घराकडं गेले नाही. फक्त मालाच्या कामासाठी जाताना रिक्षा त्या गल्लीवरून घ्यायला सांगायचे. रिक्षावाला म्हणायचा, आपा, ये तो उल्टा पडता. मी म्हणायचे, पडू दे. रिक्षातून मला वरच्या मजल्यावरची खिडकी दिसायची. पडदा उलटा लावला होता, शिलाई बाहेर. चारही महिने तसाच. हात शिवशिवायचे.

मधे त्यानं मला दोनदा चहाला बोलावलं. चहा त्यानं केला होता, पाकासारखा गोड. मी सगळा प्यायले. गुरुवारची भाजी पुन्हा सुरू झाली होती, त्याच बाईकडून. ती आता ह्याला कोथिंबीर न मागता देते म्हणे. मी विचारलं, भाव बरोबर लावते का? तो म्हणाला, ते मला माहीत नाय, ती माझी भाजी वेगळी काढून ठेवते, टोमॅटो बघून देते. पडदा उलटा आहे हे मी फक्त एकदाच म्हणाले. निघताना परत एकदा. त्यानं नंतर तो सुलटा केला नाही, मुद्दामच केला नाही असं माझं मत आहे.

मुदत संपायच्या शुक्रवारी मी दुकान उघडलं आणि दिवसभर फोन पालथा घालून ठेवला, दर थोड्या वेळानं उलटा करून बघितला. कुणाचा फोन आला नाही. मीही केला नाही. रात्री जेवले नाही. सहा महिने होत आले होते त्याला माझं घर सोडून. त्याच्या खाटेवर मी मालाचे गठ्ठे ठेवले होते. नाही म्हणाले असतील तर उद्या ते उचलायला लागणार, असा विचार करत बसले, आणि उचलून कुठं ठेवायचे ते काही सुचेना.

शनिवारी सकाळी दुकानात अगरबत्ती लावत होते तेव्हा भाऊ पायऱ्या चढून आला. मागं काका. सिटी बसनं आले होते दोघं, बसमध्ये उभं राहून. भावानं गादीवर टेकून आधी दम घेतला. मी हातातली अगरबत्ती उलटी खोचली. 

"झालं," तो म्हणाला. "हो म्हणाले."

मी विचारलं, "कधी?"

"काल."

"आणि मला आज सांगतोस?"

"काल सांगितलं असतं तर तू काल आली असतीस."

काका पंख्याखाली खुर्ची ओढून बसले आणि भिंतीवरच्या साडीच्या जाहिरातीतल्या बाईचा फोटो बघायला लागले. मी चहा सांगितला, भजी सांगितली, चहावाल्या पोराला हाक मारून परत जिलेबी सांगितली. भाऊ म्हणाला, मी घ्यायला आलोय. खोलीला चादर पाहिजे. मी वरच्या फळीवरून उत्तम माल काढला, सोलापूरचा, नरम, चार धुण्यांत उजळणारा. त्यानं तो बाजूला सारला आणि कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडं बोट केलं. विटकरी रंगावर पानकोबीएवढी हिरवी फुलं. तो माल माझ्या गळ्यात सुरतवाल्यानं मारला होता, आणि मी दोन वर्षं तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघत होते.

"तो नको," मी म्हटलं.

"का?"

"चांगला नाय. रंग जाईल. पाण्यात टाकलास की आटेल. कुणी घेत नाय तो."

माझे दोन्ही नोकर हातातलं काम सोडून बघायला लागले. ह्या गादीवर बसून मी माझ्याच मालाला नावं ठेवताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

भावानं कापडाचा काठ बोटांत धरला. जरा वेळ तसाच धरून ठेवला. म्हणाला, "मला हाच आवडलाय."

मी म्हटलं, मग असाच घेऊन जा, पैसे नको. तर त्या घरात नातेवाइकांकडून फुकट काही घ्यायचं नाही असं ठरलं आहे म्हणे. का, तर वस्तूच्या मागोमाग नातेवाईक येतात. हे कुणाला बघून ठरलं ते मी विचारलं नाही. मी भाव सांगितला. त्यानं पैसे काढले. मी तो आणखी खाली आणला. तो म्हणाला, आधी सांगितला तोच घे. मी म्हटलं, अरे, मी कमी करतेय. तो म्हणाला, नको करू. काका फोटोवरची नजर न काढता म्हणाले, "घ्या, बाई. बस चुकेल."

मी पैसे घेतले. माझं एक म्हणणं मात्र आजही कायम आहे. तीन महिन्यांचं काम सहा महिन्यांत झालं, आणि ह्यात जो काही दोष आहे तो त्या मुलीचा आहे, जिला तिचा भाव धरून ठेवता आला नाही.

कागदात बांधलेली चादर काखेत मारून भाऊ पायऱ्या उतरला. खालच्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, "रविवारी ये. चादर नीट अंथरायला नाय. चहाला."

"कधी येऊ?"

"चारला."

"तीनला येते."

काका पुढं निघून गेले होते. भाऊ बांगड्यांच्या हातगाडीला वळसा घालून त्यांच्यामागं जात होता. मागं न बघता त्यानं हात वर केला आणि चार बोटं दाखवली.